रिकॉलचे पत्र आले म्हणून गाडी विकावी का?

वाई येथील एका शिक्षिका भगिनींनी विस्ताराने लिहिलेले पत्र माझ्यासमोर आहे. त्यांनी 2023 च्या मध्यावर मध्यम आकाराची, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पेट्रोल एसयूव्ही घेतली. ऑन-रोड किंमत 17 लाख 20 हजार होती आणि त्यासाठी 12 लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के स्थिर दराने सात वर्षांसाठी काढले. 30 हप्ते फिटले आहेत. या काळात कंपनीकडून रिकॉलची, म्हणजे संभाव्य दोष मोफत दुरुस्त करण्यासाठी गाडी परत बोलावण्याची, दोन पत्रे आली. पहिले गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाविषयीचे होते आणि ते काम झाले. दुसरे एअरबॅगच्या नियंत्रकाविषयीचे असून ते काम आठ महिने राहून गेले आहे. शिवाय याच गाडीच्या इतर मालकांच्या तक्रारी त्यांच्या वाचनात आल्या: सावकाश चालवताना बसणारे गचके, अचानक काळी पडणारी स्क्रीन, उतरणारी बॅटरी. यातले गचके त्यांच्या गाडीलाही बसतात. त्यांचे पती रोज पसरणीचा घाट चढून पाचगणीला नोकरीला जातात, त्यामुळे घरात धास्ती आहे. साताऱ्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने साडेदहा लाख देऊ केले आहेत. ही गाडी विकून साडेअठरा लाखांची दुसऱ्या कंपनीची नवी गाडी घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

पैशांच्या हिशोबाआधी एक काम करावे लागेल, आणि ते याच आठवड्यात. एअरबॅगच्या नियंत्रकाचे काम सर्व्हिस सेंटरमध्ये वेळ ठरवून पूर्ण करून घ्या, आणि ते होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. कंपनीच्या पत्रात गाडी अजिबात वापरू नये असे लिहिले असेल, तर ती जागेवरून हलवू नका आणि नेण्याची व्यवस्था सर्व्हिस सेंटरलाच करायला सांगा. या दुरुस्तीला आपल्याला एक रुपयाही लागत नाही. आठ महिन्यांची दिरंगाई कामाच्या धबडग्यात झाली हे मला समजते, पण या एका बाबतीत मी आपल्याशी सौम्यपणे बोलू शकत नाही.

रिकॉल या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी येतात, म्हणून हे इतके ठामपणे लिहिले. मारुतीच्या ग्रँड विटाराचेच उदाहरण घ्या. जानेवारी 2023 मध्ये एअरबॅग नियंत्रकातील संभाव्य दोषासाठी कंपनीने आपल्या काही मॉडेलच्या मिळून 17,362 गाड्या परत बोलावल्या, त्यांत ग्रँड विटाराही होती, आणि भाग बदलेपर्यंत संबंधित गाडी चालवू नये असे मालकांना कळवले. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच ग्रँड विटाराच्या 39,506 गाड्या परत बोलावल्या गेल्या, पण त्या इंधनाची पातळी दाखवणारा काटा चुकीची माहिती देण्याची शक्यता होती म्हणून. दुसरा आकडा दुपटीहून मोठा आहे, तरी धोका पहिल्यात जास्त होता. ह्युंदाईनेही फेब्रुवारी 2024 मध्ये क्रेटा आणि व्हर्ना मिळून 7,698 गाड्या तेलपंपाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकासाठी परत बोलावल्या, म्हणजे आपल्याला आलेल्या पहिल्या पत्रासारखेच कारण होते. महिंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये एक्सयूव्ही 700 च्या 1,08,306 गाड्यांची इंजिनजवळची वायरिंग तपासायला घेतली. तेव्हा आपण जी नवी गाडी मनात धरली आहे तिला उद्या रिकॉलचे पत्र येणार नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. बाजारात नुकत्याच आलेल्या मॉडेलचे दोष तर अजून मालकांच्या हातात सापडायचेच असतात.

आपल्याकडे 2012 पासून रिकॉलसाठी वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेची संहिता होती. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 110अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनाच्या सुरक्षेशी संबंधित दोषाची तक्रार मालक सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर करू शकतो, तक्रारी पुरेशा झाल्या तर सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकते, आणि दंडाची मर्यादा एक कोटी रुपयांपर्यंत आहे. आपल्या गाडीची तक्रार तेथे जरूर नोंदवा.

आता हिशोब. साडेनऊ टक्के दराने आपला हप्ता 19,613 रुपये आहे आणि 30 हप्त्यांनंतर सुमारे 8 लाख 59 हजार येणे बाकी आहे. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास तीन टक्के आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी पडेल असे आपल्या करारात आहे. ते सुमारे 30,400 रुपये होतात. व्यापाऱ्याच्या साडेदहा लाखांतून हे दोन्ही वजा केल्यावर आपल्या हाती जेमतेम 1 लाख 60 हजार राहतात. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवलेले 2 लाख 40 हजार त्यात घालून उरलेल्या साडेचौदा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पुन्हा सात वर्षांसाठी घ्यायचे, असा आपला बेत आहे. त्याचा हप्ता 23,329 रुपये येतो. दरमहा फरक 3,716 रुपयांचाच दिसतो आणि शोरूममध्ये आपल्याला तोच दाखवला गेला असणार, परंतु आजची गाडी ठेवली तर अजून 54 हप्ते, म्हणजे सुमारे 10 लाख 59 हजार रुपये भरायचे आहेत, तर नव्या गाडीसाठी 84 हप्त्यांचे 19 लाख 60 हजार आणि वर मुलीचे 2 लाख 40 हजार जातील. फरक 11 लाख 40 हजारांचा आहे. त्या बदल्यात अडीच वर्षांनी नवी गाडी आणि नवी वॉरंटी मिळते हे मान्य, पण त्यासाठी ही किंमत मला फार वाटते. घराच्या कर्जाचा 21 हजारांचा हप्ता धरता दोघांच्या मिळून 88 हजारांच्या मिळकतीतून निम्म्याहून किंचित अधिक रक्कम हप्त्यांतच जाईल, आणि ती नेमकी मुलगी बारावीनंतर बाहेरगावी शिकायला जाण्याच्या वर्षांत.

व्यापाऱ्याची बोली कमी का आली, याचे सगळे कारण रिकॉलमध्ये शोधू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरहून लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवरील कर, जो पूर्वी उपकर धरून बहुतेक 45 ते 50 टक्क्यांच्या घरात होता, तो 40 टक्के झाला. नवी गाडी उतरली की जुनीचा भावही उतरतोच. शिवाय व्यापारी आपला नफा राखूनच बोलतो, म्हणून पुढे कधी विकायची वेळ आली तर आणखी दोन ठिकाणी दाखवल्याखेरीज आकडा पक्का धरू नये.

खरा प्रश्न मला गचक्यांचा वाटतो. शेकडो मालकांच्या तक्रारी वाचून मन धास्तावते हे स्वाभाविक आहे, परंतु ज्याची गाडी सुरळीत चालते तो ते लिहायला बसत नाही, आणि किती गाड्यांमागे किती तक्रारी हे त्या वाचनातून कळत नाही. त्या तक्रारींचा उपयोग इतकाच करा: जे दुखणे इतरांना आहे ते आपल्या गाडीत आहे का, आणि वॉरंटी संपल्यावर त्याचा खर्च कोणावर पडेल, हे पाहा. काळ्या स्क्रीनचा किंवा बॅटरीचा त्रास आपल्याला नाही, तो विचार सोडून द्या. गिअरबॉक्सचा मात्र आहे, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे मोठे काम निघाले तर ते खिशातून करणे मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते.

आपण तीन वेळा ही तक्रार घेऊन गेलात, दोनदा तोंडी सांगितले आणि 'या गाडीत असेच असते' हे ऐकून परत आलात. जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रारी आणि कामे लिहून देते त्या कागदावर, फक्त एकदाच नोंद आहे. माझ्या मते आपली सर्वांत मोठी आर्थिक चूक हीच आहे. पुढच्या वेळी गचका कोणत्या वेगाला, गाडी थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर बसतो, हे आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहून घ्या, तंत्रज्ञाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा आणि प्रत जपून ठेवा. दोष सुटला नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, कारण 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्ह्यातच चालतात आणि ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हे सारे कागदावर उभे राहते आणि तोंडी तक्रारीला तिथे वजन नाही.

आपली तीन वर्षांची मूळ वॉरंटी संपायला सहा महिने आहेत. ती चालू असतानाच 32 हजार रुपयांची दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या, आणि तीत गिअरबॉक्स व त्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक येतात का, हे आधी लेखी विचारा. नव्या गाडीसाठी दरमहा 3,700 रुपये जादा भरायची आपली तयारी होतीच. सहा महिने तेच बाजूला ठेवले तर 22,200 रुपये होतात, उरलेले दहा हजार चालू बचतीतून घालता येतील. त्यानंतर तीच रक्कम रिकरिंगमध्ये टाकत राहिलात तर 24 महिन्यांत 88,800 रुपये मुद्दल जमेल. पाचव्या वर्षानंतरच्या दुरुस्तीसाठी तो निधी असेल आणि मुलीच्या पैशांना हात लागणार नाही.

सांगलीहून नऊ लाखांत जुनी एसयूव्ही घेण्याचा जो पर्याय आपण ओझरता लिहिला आहे, त्याविषयी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या कृष्णेच्या पुरात त्या भागातील पुष्कळ गाड्या पाण्यात उभ्या होत्या. विम्याच्या दाव्यांचा इतिहास आणि सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्याशिवाय तिथलीच काय, कुठलीच जुनी गाडी घेऊ नका.

माझा सल्ला गाडी ठेवण्याचा आहे, पण तो बिनशर्त नाही. घाटात गाडीची ओढ अचानक तुटली, किंवा ब्रेक वा स्टिअरिंगशी संबंधित काही दिसले, तर तोटा न पाहता गाडी वापरातून काढा. पतीच्या रोजच्या प्रवासापुढे 11 लाख 40 हजारांचा हिशोब मी मांडणार नाही. तसेच येत्या पाच महिन्यांत तीन लेखी प्रयत्नांनंतरही गचका कायम राहिला आणि वाढीव वॉरंटीत गिअरबॉक्स येत नसेल, तर वॉरंटी संपण्यापूर्वी विकणे योग्य ठरेल. तोवर गाडीची किंमत आणखी उतरेल, पण 36 व्या हप्त्यानंतर येणे बाकीही 7 लाख 81 हजारांवर, म्हणजे आजच्याहून 78 हजारांनी खाली आलेले असेल. तेव्हाही साडेअठरा लाखांची गाडी न घेता कर्ज दहा लाखांच्या आत राहील अशी घ्या. विकताना घेणाऱ्याला रिकॉलची पत्रे आणि गचक्यांची जॉबकार्डे दाखवा, कारण त्याच्याही घरातले कोणीतरी त्या गाडीत बसणार आहे. बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरील कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35 हाती घ्या, साताऱ्याच्या आरटीओत आरसी दुसऱ्याच्या नावे झाल्याची खात्री करा, आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचे, पत्र मागून घ्या. ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीच्या विम्याला लावता येते.

एअरबॅगचे काम झाले की त्या जॉबकार्डाची प्रत आणि वाढीव वॉरंटीच्या अटींचा कागद मला पाठवा. गिअरबॉक्सविषयीची कलमे मी स्वतः वाचून आपल्याला कळवीन.