कलम फॉन्ट वापरताय? मग हे वाचा

अरे कलम घेतलास ते बरंच केलंस, सुरुवातीला तोच घे. इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, कमर्शियल कामालाही चालतो. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी ३ वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, आहेत, देवनागरी आणि इंग्रजी एकाच हातानं लिहिल्यासारखी दिसतात, आणि हे मला फार आवडतं कारण बाकी ठिकाणी मराठी एका वळणाचं न् इंग्रजी भलत्याच वळणाचं होतं.

अक्षरं मुळातच थोडी तिरकी आहेत, त्यामुळे वरून इटॅलिकचं बटण अजिबात दाबू नको, खरं इटॅलिक त्यात नाहीच, सॉफ्टवेअर नुसतं अक्षर वाकवतं आणि मग ते पडल्यासारखं दिसतं. अक्षरांमधलं अंतर पण वाढवू नको, शिरोरेषा तुटते, ‘हळदीकुंकू’ लिहून बघ म्हणजे कळेल. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

आमंत्रण, रेसिपी कार्ड, लहान मुलांची गोष्ट, फोटोखालच्या दोन ओळी, इथे मस्त. सोसायटीची नोटीस किंवा चार पानी लेख असेल तर नको, डोळे थकतात रे. तिथे हेडिंग कलममध्ये ठेव आणि मजकूर ‘मुक्त’ (Mukta) नावाच्या फॉन्टमध्ये लाव, छान जमतं. आणि फायनल करायच्या आधी ‘दऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘श्लोक’ असे जोडाक्षरांचे शब्द टाइप करून प्रिंट काढच, स्क्रीनवर बघून सोडू नको.