देवमाणूस आईवर राग येऊ शकतो?

"मॅडम, आईबद्दल दोन शब्द बोलायचेत आणि काही सुचतच नाहीये." समुपदेशक म्हणून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्यही मला ठाऊक असतं. रामकुंडावर दहावा उरकून थेट माझ्याकडे आलेल्या एका मुलानंही हेच सांगितलं होतं.

गेल्या पावसाळ्यात आलेल्या बाई नाशिकच्याच शरणपूरच्या. मिशनने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या त्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या. वय 46, नोकरी बँकेत. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) आईला जाऊन वर्ष होत आलेलं. स्मरणाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी त्यांना पाच मिनिटं दिली होती आणि कागद कोरा. वर्षभरात डोळ्यांतून टिपूसही नाही.

"मी दगड आहे का हो?"

आई कशा होत्या, विचारलं तर घडाघडा सुरू झाल्या. महिला मंडळ, संडे स्कूल, दवाखान्यात कुणी असलं की डबा, कुणी गेलं की रात्रभर त्या घरी. दफनाच्या दिवशी सगळे जे बोलले, तेच त्या मला पाठ म्हणून दाखवत होत्या.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "डबा दुसरीकडे जायचा. तुम्ही काय खायचात?"

बराच वेळ गप्प. मग, "चहा-खारी. दहावीच्या बीजगणिताच्या पेपरलासुद्धा."

"राग आला होता?"

"असल्या आईवर राग कसा येईल, मॅडम?"

"कसा येईल ते नंतर बघू. आला होता का?"

"...आला होता. अजून येतो."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वाटेनं जाणारी, म्हणजे त्रासामागचा हट्टी विचार शोधून तो तपासणारी. माणसाला छळतो तो 'पाहिजेच'मधला 'च', हे मी वीस वर्षं सांगत आलेय. इथे तो 'च' होता, 'चांगल्या आईवर राग येताच कामा नये'. राग अडवायला दाराला कडी घातली आणि आठवणीही आतच कोंडल्या. हे मला तिसऱ्या भेटीत दिसलं, याचं थोडं कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या भेटीत म्हटलं, "गुण राहू द्या. चर्चमध्ये शेजारी बसायचात ना? काय दिसायचं?"

पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या. रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवलेलं दानाचं नाणं, दात लावल्याशिवाय न सुटणारं. आणि गाणं! आई नेहमी अर्धी ओळ पुढे, तेही खड्या आवाजात. "मी चिमटा काढायचे, तर आणखी जोरात! पेटी मागे, आई पुढे..." त्या हसायला लागल्या. हसता हसता आवाज फाटला आणि वर्षभराचं रडू आलं. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला नाही. नवखे समुपदेशक इथेच घाई करतात.

आईवर बोलायचं असेल, तर 'प्रेमळ', 'त्यागी' हे शब्द सुरुवातीला लिहूच नका. तिच्या हातातली एक वस्तू घ्या. राग वेगळ्या कागदावर लिहा. तो व्यासपीठावर वाचायची गरज नाही, पण एका तरी माणसाला वाचून दाखवा. आणि 'मी दुःखाच्या कितव्या टप्प्यात आहे?' हा प्रश्न सोडून द्या. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांचे 1969चे ते नकारापासून स्वीकारापर्यंतचे पाच टप्पे मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते, मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हे. मात्र सहा महिने उलटूनही झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल, किंवा जगणंच नको वाटत असेल (मग सहा महिनेही थांबू नका), तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

बाई बोलल्या. आलेपाक, नाणं, गाणं. चहा-खारीही सांगितली, ते माझ्यासाठी अनपेक्षित होतं. उपासनेनंतर पेटीवाले काका जवळ आले म्हणे. "तुझ्या आईला गाठायला मी तीस वर्षं पेटी पळवली," म्हणाले, "अजून हात पळतोच बघ."