तंबूत राहताना डास आणि चावऱ्या माशांचा बंदोबस्त कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उन्हाळ्यात पाण्याकाठी तंबू ठोकून राहायचं आहे, सोबत सहा वर्षांची मुलगी आहे, दिवसा माशा आणि रात्री डास जीव खातात असं ऐकलंय, तर अंगाला नेमकं काय लावावं?

काय लावायचं ते सांगतो, पण त्याआधी एक फरक समजून घ्या. डास तुम्हाला हुंगत येतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर असतो. (चावते ती फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं.) गुरांना चावते ती दांडगी गोमाशी मात्र मुख्यतः डोळ्यांवर भिस्त ठेवते. हलणारी, गडद रंगाची, उन्हात तापलेली वस्तू दिसली की ती झेपावते. त्यामुळे डासांवर छान चालणारं मलम गोमाशीवर तितकं चालत नाही, आणि मग लोक मलमाच्या नावाने बोटं मोडत बसतात.

निम्मं काम जागा निवडतानाच होतं. डास उडण्यात फार कच्चा असतो, जरा वारा सुटला की त्याला धड बसता येत नाही. म्हणून पाण्याला अगदी खेटून, उंच गवतात किंवा झुडपांच्या आडोशाला तंबू लावू नका. थोडी उंच, मोकळी, वाऱ्याची जागा बघा. ‘पाणी वाहतं आहे, मग डास कुठून येणार’ असंही म्हणू नका. डासाला साचलेलं पाणी लागतं हे खरं, पण ते काठावरच्या डबक्यात असतंच. शिवाय बारीक काळ्या चावऱ्या माशीची पैदास वाहत्या पाण्यातच होते.

कपडे सैल, फिक्या रंगाचे आणि दाट विणीचे हवेत. अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंग्जमधून डास सहज सोंड खुपसतो. गडद निळा आणि काळा रंग घरीच ठेवा, गोमाशीला पकडायचे सापळे याच रंगांचे असतात. तिच्या काही जाती डोक्याभोवतीच घिरट्या घालतात, म्हणून मुलीला रुंद काठाची टोपी घाला. काळी माशी बसते एकीकडे आणि चावते भलतीकडे. कपड्याच्या कडेवरून सरपटत आत शिरते, आणि संध्याकाळी मोज्याच्या रेघेवर लाल ठिपक्यांची माळ दिसते. पँटचे पाय मोज्यांत खोचा. दिसायला विचित्र दिसतं, दिसू द्या.

आता मलम. डीट किंवा पिकारिडिन (डासांना दूर ठेवणारी ही दोन रसायनं), दोन्ही चालतात. डीट 20 ते 30 टक्के असलं तरी काही तास पुरतं. टक्के वाढले म्हणजे डास जास्त घाबरतो असं नाही, फक्त असर जास्त वेळ टिकतो, आणि 50 टक्क्यांच्या पुढे तेही फारसं नाही. मुलीसाठी 30 टक्क्यांच्या वर जाऊ नका. डीटने प्लास्टिक विरघळतं, म्हणून चष्म्याची फ्रेम, घड्याळ, रेनकोट जपा. मी स्वतः 20 टक्के पिकारिडिन वापरतो, कारण ही कटकट त्यात नाही. मलम आधी आपल्या हातावर घ्या, मग मुलीला लावा. तिच्या तळव्यांना, डोळ्यांजवळ आणि खरचटलेल्या जागी लावू नका. सनस्क्रीन आधी, हे त्यानंतर. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा कपड्यांसाठी उत्तम, पण तो निघण्यापूर्वी मारून पूर्ण वाळवायचा. अंगाला कधीच नाही, आणि पाण्यातल्या मासळीला विषारी असल्याने पाण्याजवळही नाही.

मोबाइलमधून आवाज काढून डास पळवणारी ॲप निरुपयोगी आहेत. सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या वातावरणनिर्मितीपुरत्या ठीक. कॉइल तंबूच्या आत पेटवायची नाही म्हणजे नाही: नायलॉनला आग लागायला वेळ लागत नाही, आणि कोंडलेला धूर मुलीच्या छातीत जातो.

तंबूची चेन उघडण्याआधी आतला दिवा बंद करा, पटकन आत शिरा, पटकन चेन लावा. लहान मुलं इथेच घोळ घालतात, अर्धी आत, अर्धी बाहेर, चप्पल काढत बसतात. झोपताना जाळीला कोपर टेकू देऊ नका, डास बाहेर बसून जाळीतून चावतो. जाळी घेताना छिद्रं बघा. डासाला अडवणाऱ्या साध्या जाळीतून काही चावरी चिलटं आरामात आत येतात.

चावलंच तर खाजवू न देणं हे सर्वांत अवघड. गार पाण्याची पट्टी ठेवा, खाज शमवणाऱ्या 1 टक्का हायड्रोकॉर्टिझोनची ट्यूब जवळ असू द्या, आणि मुलीची नखं निघण्यापूर्वीच कापा. गोमाशी कातडी चिरून रक्त चाटते, त्यामुळे ती जखम साबणाने धुवा. चावल्यावर ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना गाठा. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘आम्ही तंबूत राहून आलोय, डास चावले होते’ हे आपणहून सांगा.