टँकरवरचा 'इन्फ्लेमेबल' आणि लॅटिनमधले दोन 'इन्'

प्रश्न असा आहे: "जीआरईच्या (परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीसाठी लॅटिन मुळांची यादी पाठ करते आहे. तिच्यात 'इन् म्हणजे नाही' असं दिलंय. मग पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' का लिहितात? त्याचा अर्थ 'अजिबात न पेटणारं' असा व्हायला हवा ना? आणि अशा याद्यांचा खरंच उपयोग होतो का?"

टँकरवर लिहिलंय ते बरोबर आहे, यादी अर्धवट आहे. लॅटिनमध्ये 'इन्' दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिला नकाराचा, आपल्या 'अ' आणि 'अन्'चा सख्खा भाऊ. ग्रीकमध्येही हा नकार 'अ' किंवा 'अन्' असाच असतो, म्हणून 'अनॉनिमस'च्या शेजारी आपला 'अनाम' ठेवला की वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. दुसरा 'इन्' म्हणजे आत, वर, कधी नुसताच जोर देणारा. लॅटिन 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणं. त्यावरून इन्फ्लेमेबल: पेट घेणारं. डॉक्टर ज्याला 'इन्फ्लमेशन' म्हणतात तेही याच घरातलं, आणि मराठीत त्याला आपण 'दाह' म्हणतो. दोन्ही भाषांना आतली आगच दिसली.

तुमची शंका तुमच्या एकटीची नाही. लोक 'इन्'चा अर्थ 'नाही' असा घेतील आणि जवळ काडी ओढतील, ही धास्ती विसाव्या शतकात अमेरिकेत अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनाच वाटली. म्हणून त्यांनी 'फ्लेमेबल' हा शब्द लावून धरला, आणि न पेटणाऱ्यासाठी 'नॉनफ्लेमेबल'. आपल्या महामार्गांवर जुना शब्द अजून धावतो आहे.

घोटाळा वाढतो तो हे दोन्ही 'इन्' वेष बदलतात म्हणून. पुढे ल आला की 'इल्', र आला की 'इर्', प-ब-म आले की 'इम्'. 'इल्लीगल'मधला नकाराचा, पण 'इल्युमिनेट'मधला आत उजेड टाकणारा. 'इर्रेग्युलर'मधला नकाराचा, 'इरिगेशन'मधला शेतात पाणी सोडणारा. इंग्रजी मुलांना हे चमत्कारिक वाटत असेल, आपल्याला वाटू नये. उत् अधिक लास उल्लास, तत् अधिक लीन तल्लीन, सत् अधिक जन सज्जन: शाळेत व्यंजनसंधी म्हणून घोकलेलीच ही गोष्ट आहे. लॅटिनचा 'अॅड' हा उपसर्ग तर असा सज्जन आहे की पुढच्या व्यंजनासारखाच होऊन जातो. 'अकॉमोडेशन'चं स्पेलिंग त्यामुळेच सुटतं. अॅड, कॉम आणि मोडस, म्हणजे माप, असे तीन तुकडे. अॅडमधला डी पुढच्या सीला पाहून सी झाला, म्हणून दोन सी. कॉमचा एम आणि मोडसचा एम शेजारी आले, म्हणून दोन एम. लॉजच्या पाट्यांवर यातलं एखादं अक्षर हमखास गळलेलं असतं; संधी माहीत असेल तर गळणार नाही.

आता याद्यांबद्दल. मला विचाराल तर यादीचा उपयोग लक्षात ठेवायला होतो, अर्थ ओळखायला होत नाही. संस्कृत शिकलेल्यांना हा श्लोक आठवेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

म्हणजे उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडेच नेतो, प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार यांत होतं तसं. यातला 'बलात्', म्हणजे बळाने, महत्त्वाचा. उपसर्ग धातूच्या अर्थाला हाताला धरून नेत नाही, फरफटत नेतो. 'हृ म्हणजे नेणं' आणि 'आ म्हणजे कडे' एवढ्या भांडवलावर 'आहार'मधलं जेवणाचं ताट कुणाला दिसेल? लॅटिन उपसर्गही याच जातीचे.

'सेदेरे' हा बसण्याचा लॅटिन धातू घ्या. आपला 'सद्' तोच. इंग्रज भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात असं मांडलं, त्याचा पुरावा असा जागोजागी पडलेला आहे. एकत्र बसतात ती संसद, भोवती बसतात ती परिषद, जवळ बसून ऐकायचं ते उपनिषद. तिकडे बसण्याचं सत्र ते 'सेशन', पुढे बसणं ते 'प्रिसाइड', तळाशी बसलेला गाळ तो 'सेडिमेंट', वेगळा जाऊन बसलेला तो 'डिसिडंट'. इथपर्यंत सोपं आहे. आता जीआरईवाल्यांचे लाडके दोन पाहा. 'असिड्युअस' म्हणजे चिकाटीने काम करणारा. 'इन्सिडियस' म्हणजे नकळत, कपटाने घात करणारा. दोन्हींत सेदेरे आहे, हे आधी कळून अर्थ लागेल का? नाही लागणार. पण अर्थ कळल्यावर मूळ पाहा: पहिला कामाशी ठाण मांडून बसलाय, दुसरा दबा धरून बसलाय. आता हे दोन शब्द तुम्ही विसरून दाखवा.

याच घरातला 'सुपरसीड' मराठी कचेऱ्यांत कानावर पडतोच: "ज्युनिअरने मला सुपरसीड केलं." वर बसणं, म्हणजे अक्षरशः डोक्यावर येऊन बसणं! 'प्रिसीड', 'रिसीड' वगैरे मंडळी 'सेदेरे'ची नव्हेत, 'केदेरे' म्हणजे जाण्याच्या धातूची. म्हणून त्यांच्यात सी आणि याच्यात एस. इंग्रजीत जन्मलेलेही इथे चुकतात.

नुसत्या मुळांवर विसंबलं की कसं तोंडघशी पडायला होतं तेही सांगतो. लॅटिन 'पेड' म्हणजे पाय, आपला 'पद', म्हणून 'पेडेस्ट्रियन' पायी चालणारा. त्याच हिशेबाने पेडियाट्रिशियनकडे कुणी टाचदुखी घेऊन गेला तर? तो ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल, यावरून आलेला बालरोगतज्ज्ञ आहे. 'इंडिजिनस'चा इंडियाशी संबंध नाही. तो 'आत' आणि 'जन्मलेला' यांचा जोड, त्यातला 'जेन' मात्र आपला 'जन्'. आणि जंजिरा किल्ल्याला 'इम्प्रेग्नेबल' म्हणतात तेव्हा त्यात गर्भाचं काही नसतं. तो फ्रेंचमधला 'घेता न येणारा' आहे, मधला जी नंतर घुसलेला.

शिवाय २०११ साली जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न गेले. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, आणि तिथे शब्दाचं मूळ नाही, शब्दाची संगत कामाला येते. 'फ्लॅग्रंट' म्हणजे मुळात जळणारं, हे ठीक. पण तो नियमभंगाला लागतो, शेकोटीला नाही, हे वाचूनच कळणार. (आपणही आग धडधडून पेटली म्हणतो आणि खोटंही धडधडीत असतं.) तेव्हा शब्द आधी वाक्यात भेटू दे, मग त्याचं कूळ विचारा.

यादी टाकून देऊ नका, फक्त 'इन्'ची दोन पानं करा. नकाराच्या पानावर 'इनव्हॅल्युएबल' लिहा, आणि त्याचा अर्थ 'बिनकिमती' असा वाटायला लागला तर शेजारी 'अमूल्य' लिहून ठेवा. तोही नकारच आहे. 'इनहॅबिटेबल' म्हणजे राहण्याजोगं. तो टँकरच्या पानावर जाईल.