तुरुंगात एचआयव्हीची तपासणी सक्तीची असते का? निकाल कोणाकोणाला कळतो?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला नुकतीच अटक झाली, तो दोन वर्षांपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या घेतो आणि घरात हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. जबरदस्तीने रक्त घेतील का, बराकीत बोभाटा होईल का, ही तुमची धास्ती. मी काही वर्षं एका तुरुंगाच्या दवाखान्यात समुपदेशक होतो, म्हणून उत्तर देतोय.

आधी गोळ्यांचं बघा. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढायला लागतो आणि पुढे त्याच औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. औषधांची नावं, डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटचा व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे त्याचा) रिपोर्ट बंद पाकिटात घालून तुरुंगाच्या डॉक्टरांच्या नावाने द्या. गेटवरच्या शिपायाच्या हातात उघडा कागद देऊ नका. वकिलांच्या अर्जात आजाराचं नाव घालायचं असेल तर आधी भावाला विचारा. कोर्टातले कागद बरेच जण वाचतात. 'रोजची औषधं चालू आहेत' एवढ्यावरही बहुतेक वेळा भागतं.

आता तपासणी. आत आलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांनी लवकरात लवकर तपासायचं असतं, पण एचआयव्हीसाठी रक्त घ्यायला वेगळी संमती लागायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 सालीच म्हटलं होतं की कैद्यांची सक्तीची तपासणी अनैतिक आहे आणि निरुपयोगीही. निरुपयोगी का, तर विंडो पिरियड, म्हणजे लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ. लागण नवी असेल तर बोटातून रक्त घेऊन केलेल्या झटपट चाचणीत ती तीन महिन्यांपर्यंतही दिसणार नाही, आणि निगेटिव्ह शिक्का बसलेला माणूस निर्धास्त होईल. उलट एकच चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजेही निकाल लागला असं नाही. खात्रीच्या चाचण्या व्हाव्या लागतात.

काही ठिकाणी 'सगळ्यांची करतो, नको असेल तर सांगा' अशी पद्धत असते. ऐकायला बरी वाटते. पण ज्याने तासाभरापूर्वी पट्टा आणि चपला काढून दिल्या, त्याच्या 'हो'ला मी तरी संमती म्हणणार नाही. आम्ही आठवड्याने, माणूस जरा झोपायला लागला की, पुन्हा विचारायचो. तुमच्या भावाने तर डॉक्टरांना एकट्यात स्वतःच सांगावं. दार लोटून घ्या म्हणायचा त्याला हक्क आहे.

गुप्ततेचे नियम स्पष्ट आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत कैद्याची वैद्यकीय फाइल गोपनीय ठेवायची, बदली झाली तर ती तिथल्या दवाखान्याकडे जायची, आणि बाहेर चालू असलेले एचआयव्हीचे उपचार आत तुटू द्यायचे नाहीत, असं सगळं आहे. हा कायदा नव्हे, पण अर्जात हवाला देता येतो.

माझा अनुभव मात्र असा की बातमी फाइलमधून क्वचितच फुटते, ती फुटते रांगेतून. आमच्याकडे रात्री बराकीच्या दाराशी तिघांनाच वेगळं बोलावून गोळ्या देत. आठवड्यात सगळ्यांना कळलं. कोणी तोंड उघडलं नव्हतं, फक्त घड्याळ आणि तीन चेहरे. मग बीपी, शुगर, टीबी, सगळ्यांच्या गोळ्या एकाच खिडकीतून, एकसारख्या साध्या पाकिटांत द्यायला लागलो. दुसरं भोक म्हणजे दवाखान्यात नोंदी लिहायला बसवलेला कैदी. तो बिचारा वाईट नसतो, पण बिडीच्या बदल्यात नावं विकली जातात. रजिस्टर कोण लिहितं, हे जरूर विचारा.

शिपाई म्हणायचे, 'कोण पॉझिटिव्ह आहे ते आम्हाला कळायला नको?' नको. यादीत नसलेला माणूस तपासलेलाच नसेल, तर त्याच्या रक्ताला हातमोजे न घालता हात लावणार का? ताटवाटी, संडास, डास यांतून हा आजार पसरत नाही. सुई टोचलीच तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करायची, 28 दिवस घ्यायची. त्यासाठी यादी कशाला?

मुलाखतीच्या वेळी आजूबाजूला कान असतात. आजाराचं नाव काढू नका. 'रात्री वेळेवर जेवतोस ना?' असं विचारा, भाऊ आहे, त्याला कळेल. 'दोन दिवस नाही' म्हणाला, तर घरी न जाता थेट डॉक्टरांची भेट मागा.