विकतच्या ईमेल पत्त्यांविषयी : कोल्हापूरच्या सदस्यांच्या प्रश्नास उत्तर

आपण लिहिले आहे की कोल्हापुरात आपला वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे, ३ वर्षांत जेमतेम १८० ग्राहकांचे ईमेल पत्ते जमले आहेत, आणि एक एजन्सी ८,००० रुपयांत २०,००० ‘खात्रीशीर’ पत्ते देऊ करीत आहे. ते घ्यावेत का? प्रश्न वाचताच मला माझे २०२२ साल आठवले, म्हणून उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे. घेऊ नयेत. एवढे सांगून थांबता आले असते, पण त्या वेळी मलाही दोघांनी हेच सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते. कोणती सेवा वापरावी, पत्राचा साचा कसा करावा, हे आपल्याला ठाऊक असणारच. त्यात शिरत नाही.

माझे काम पिंपरी-चिंचवड परिसरात सोलर वॉटर हीटरच्या दुरुस्तीचे आणि देखभालीचे आहे. ग्राहक मुख्यतः गृहनिर्माण सोसायट्या. बिलांच्या फायलींतून गोळा केलेले माझ्याजवळचे पत्ते तेव्हा २१२ होते. एका एजन्सीने ‘सोसायट्यांचे अध्यक्ष आणि सचिव’ म्हणून ९,००० पत्त्यांची एक्सेल फाइल विकली. मी ती फाइल एकगठ्ठा ईमेल पाठवणाऱ्या एका सेवेत चढवली आणि दोन रात्रींत सर्वांना दिवाळीच्या सवलतीचे पत्र धाडले. सुमारे २,३०० पत्रे पत्ताच अस्तित्वात नसल्याने परत आली आणि तिसऱ्या दिवशी त्या सेवेने माझे खाते बंद केले. येथे थांबलो असतो तर नुकसान फाइलीच्या किमतीपुरते राहिले असते. परंतु पैसे तर गेलेच आहेत, मग उरलेली यादी वाया का घालवावी, अशा हट्टाने मी तीच पत्रे माझ्या संकेतस्थळाच्या होस्टिंगबरोबर (संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवर घेतलेल्या भाड्याच्या जागेबरोबर) मिळालेल्या मेलखात्यावरून, म्हणजे ज्या पत्त्यावरून मी रोज कोटेशन आणि बिले पाठवत असे त्याच पत्त्यावरून, थोडी थोडी करून पाठवू लागलो. माझी खरी चूक ही.

पत्र इनबॉक्समध्ये ठेवायचे की स्पॅममध्ये, हे जीमेलसारख्या सेवा केवळ पत्रातील मजकुरावरून ठरवत नाहीत. त्या पाठवणाऱ्याच्या डोमेनची (ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाची) आणि सर्व्हरची पूर्वीची वागणूक पाहतात. किती पत्ते खोटे निघाले, किती लोकांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले, हे सगळे आपल्या नावावर जमा होत जाते. त्यातच, वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले काही जुने पत्ते मुद्दाम सापळा म्हणून जिवंत ठेवलेले असतात. अशा पत्त्यावर पत्र गेले की पाठवणाऱ्याने यादी परवानगीने जमवलेली नाही, असा निष्कर्ष निघतो. विकतच्या यादीत असले पत्ते असण्याची शक्यता फार. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर दिवसाला ५,०००हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी लेखी नियमच केले आहेत : तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचता कामा नये, आणि ते ०.१ टक्क्यांखाली ठेवणे उत्तम. आपण एवढी पत्रे पाठवणार नाही हे खरे, पण या आकड्यावरून अंदाज यावा : १,००० पत्रांमागे ३ माणसे चिडली तरी तेथे ते जास्त समजले जाते. अनोळखी माणसाला वॉटरप्रूफिंगची जाहिरात पाठवल्यास हजारात किती जण चिडतील, याचा हिशेब आपणच करावा.

माझ्या बाबतीत आठवडाभर काहीच कळले नाही. मग ग्राहकांचे फोन येऊ लागले की बिल पोहोचलेले नाही. ते स्पॅममध्ये सापडत होते. पुढे तर आमची पत्रे काही ठिकाणी जाईचनात, कारण होस्टिंगच्या ज्या सर्व्हरवर माझ्याबरोबर आणखी कित्येकांची खाती होती तो सर्व्हरच स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला होता. होस्टिंगवाल्यांच्या मदतकक्षाविषयी किती लिहावे? ११ दिवसांत मी ९ तक्रारी नोंदवल्या, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाने ‘आमच्या बाजूने अडचण दूर झाली आहे’ असे कळवून तक्रार बंद केली. गंमत अशी की त्यांची ती उत्तरेही ज्या पत्त्याबद्दल तक्रार होती त्याच पत्त्यावर येत होती. दोष मूळचा माझा होता, हे मान्य. पण ‘तुमच्या खात्यावरून झालेल्या पाठवणीमुळे हे घडले आहे, आधी ती थांबवा’ एवढे एक वाक्य पहिल्या दिवशी कोणी लिहिले असते तर पुढचे १० दिवस वाचले असते.

याच काळात ७ इमारतींच्या एका सोसायटीला मी वार्षिक देखभाल कराराचे कोटेशन पाठवले होते. सचिवांशी आधी बोलणे झाले होते, दरही जवळजवळ ठरले होते. उत्तर आले नाही. समितीची बैठक पुढे गेली असावी असे समजून मी गप्प राहिलो. तीन आठवड्यांनी आमचा कारागीर शेजारच्या इमारतीत नळाच्या कामाला गेला असता त्याला या सोसायटीच्या गच्चीवर दुसऱ्याच कंपनीची माणसे सोलरच्या ट्यूब धुताना दिसली. सचिवांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “तुमचं कोटेशन आलंच नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला रस नाही.” पत्र त्यांच्या स्पॅममध्ये पडून होते. सोसायट्यांच्या समितीची मुदत ५ वर्षांची असते आणि चालू असलेला ठेकेदार सहसा कोणी बदलत नाही. ते काम मला आजही मिळालेले नाही.

सावरायला सुमारे ४ महिने लागले. मोठ्या संख्येने जाणाऱ्या पत्रांसाठी मी वेगळे सबडोमेन (मूळ डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेले नाव) घेतले, जेणेकरून बिले आणि कोटेशन यांचा रस्ता स्वतंत्र राहील. पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्या नोंदी एका जाणकाराकडून नीट करून घेतल्या. आणि पहिले दोन महिने फक्त ज्यांच्याकडून उत्तर येतेच अशा ६० ग्राहकांना लिहिले. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्सवर आपल्या पत्रांवरील तक्रारींचे प्रमाण पाहता येते असे आपल्याला कोणी सांगेल, पण आपल्याएवढ्या थोड्या पत्रांवर तेथे बहुधा रिकामे तक्तेच दिसतात. मी संगणकाचा माणूस नाही, त्यामुळे या भागाबद्दल माझ्यापेक्षा जाणकाराचे ऐकावे.

आता यादी वाढवण्याविषयी. सगळे व्हॉट्सॲपवर असताना ईमेल कशाला, असे आपल्यालाही कोणी ना कोणी म्हटले असेलच. घरगुती ग्राहकांपुरते ते काहीसे खरे आहे. सोसायटीचे तसे नाही. कोटेशन समितीपुढे ठेवायचे असते, फाइलला लावायचे असते, आणि सचिव बदलला की त्याच्या फोनमधले सगळे त्याच्याबरोबर जाते. म्हणून सचिवांचा खासगी पत्ता न मागता सोसायटीचा अधिकृत पत्ता मागावा. तो नव्या समितीकडे कार्यभारासोबत जातो. माझ्या यादीतले सर्वांत टिकाऊ पत्ते हेच आहेत.

पत्ता मागायला कारण हवे. आम्ही काम संपल्यावर त्याचा अहवाल ईमेलने देतो : आधीची आणि नंतरची छायाचित्रे, पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण), बदललेले भाग, पुढील सफाईचा महिना. सवलतीचे आमिष दाखवून मिळालेले पत्ते पुढे उघडले जात नाहीत, असा माझा अनुभव. अहवालासाठी मिळालेले उघडले जातात. मात्र अहवालासाठी पत्ता दिला म्हणजे जाहिरातीला संमती दिली असे होत नाही. आम्ही ‘हंगामी सूचना पाठवाव्यात का’ हा प्रश्न वेगळा विचारतो आणि होय म्हणणाऱ्याला पुष्टीचे पत्र पाठवतो. त्यातील दुवा दाबल्यावरच नाव यादीत येते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट आणि विशिष्ट हेतूसाठी असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असावे, असे म्हटले आहे. मी वकील नाही. आपल्या बाबतीत काय लागू होते ते वकिलांना विचारावे.

एक छोटी सूचना : कारागिराला वहीत पत्ता लिहायला सांगू नये, इंग्रजी ‘1’ हा आकडा आणि ‘l’ (एल) हे अक्षर यांचा घोळ होतो. ग्राहकानेच आपल्या फोनवर टाइप करावा. त्यासाठी आम्ही क्यूआर कोडचे स्टिकर टाकीवर लावले होते, ते पहिल्याच उन्हाळ्यात फिके पडले; आता ते पंपाच्या पॅनलच्या दाराला आतून लावतो.

काय लिहावे, याबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. सणांच्या शुभेच्छांची पत्रे कोणालाही नको असतात. माझ्या ज्या पत्राला सर्वाधिक उत्तरे आली त्यात सवलतीचा उल्लेखही नव्हता. एप्रिल-मेमध्ये टँकर उशिरा येतो, टाकी कोरडी पडते, सोलरच्या काचेच्या ट्यूब उन्हात तापतात, आणि भर दुपारी त्यांत गार पाणी शिरले की त्या तडकतात. म्हणून सोलरला पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच सोडावे, एवढेच मी लिहिले होते. तसेच, सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असल्याने खर्चाच्या तरतुदीची चर्चा त्याआधी होते. दरांचे पत्र जून-जुलैमध्ये गेले पाहिजे, दिवाळीत उशीर झालेला असतो. वर्षाला ५ पत्रांपुढे मी जात नाही. किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर मात्र विसंबू नये. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये बदल केल्यापासून न उघडलेली पत्रेही उघडल्यासारखी मोजली जातात. मी आलेली उत्तरे आणि फोन मोजतो.

आपल्या धंद्यात तर एक सोय आहे जी माझ्याकडे नाही. जुलैत गळती सुरू झाल्यावर फोन करणाऱ्यांना ‘गच्चीचे काम आता होणार नाही, कोरडे पडल्यावर करू’ असे आपण सांगतच असाल. ती माणसे फोन ठेवतात आणि निघून जातात. त्यांचा पत्ता त्याच फोनवर मागून घ्यावा आणि पाऊस संपल्यावर आठवण करावी. हाती असलेल्या १८० जणांना आधी एक साधे पत्र पाठवावे : आपले काम अमुक महिन्यात केले होते, गच्ची कशी आहे, पुढे आमच्या सूचना हव्या आहेत का. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांना एकदा फोन करावा, आणि तरीही होकार न मिळाल्यास नाव काढून टाकावे. त्यातून ७० उरले तर त्या ७० जणांसाठी पावसाळ्याआधीचे, मार्चचे पत्र तयार करावे. मजकूर येथे टाकल्यास मी वाचून सांगेन.