पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भावंडांना: ताण कुठला, धोका कुठला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. १६०० मीटर आता पाच मिनिटं दहा सेकंदांत येतंय, गोळाफेक अजून कमी पडते, बहीणही बरोबर तयारी करते आणि आई म्हणते, “पोलिसात नको, रोज जिवाला घोर.” रोजचा ताण आणि धोका खरंच किती असतो, असं तू विचारलंस. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो. मी १९८८ ला शिपाई म्हणून लागलो आणि २०२१ ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आधी मुख्यालय, मग वाहतूक, मग तालुक्याची तीन ठाणी. जे अंगावरून गेलं तेच लिहितो.

आईच्या डोळ्यांपुढे असतो तो गोळीचा धोका. तो खोटा नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर तुकाराम ओंबळे होते. सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे, हुद्दा सहायक फौजदार, हातात लाठी. समोरच्याची एके-४७ त्यांनी नळीला धरून सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. गडचिरोलीत १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. ही माणसं विसरायची नाहीत. पण माझ्या ३३ वर्षांत माझ्यावर एकदाही गोळी झाडली गेली नाही, आणि माझ्या बॅचच्या बहुतेकांना हेच म्हणता येईल.

मला भीती वाटायची ती साध्या दुपारची. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी पेट्रोल पंपाजवळ हेल्मेट नसलेल्या पोराला अडवलं. पोरानं भावाला बोलावून घेतलं, आणि डोक्यात बांबू बसला. काही दिवसांनी, ३१ ऑगस्टला ते गेले. ना दंगल, ना दरोडेखोर. दिवसात पन्नास वेळा करायचं काम, त्यातली एक वेळ. सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं पूर्वीचं कलम ३५३ आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. पण कलम लागतं ते डोकं फुटल्यावर.

म्हणून नाकाबंदीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, लागलास तर कामाला येईल. गाडीच्या तोंडासमोर कधीही उभं राहायचं नाही, चालकाच्या बाजूला, बॅरिकेडच्या आडोशानं उभं राहायचं. बॅरिकेड एका रेषेत न लावता मागेपुढे लावायची, म्हणजे गाडीला वळसा घ्यावा लागतो आणि वेग आपोआप मोडतो. चालत्या गाडीची किल्ली काढायला हात आत घालायचा नाही. आमच्यातल्या एकाचा खांदा त्यात कायमचा गेला. वाळूचा ट्रॅक्टर थांबला नाही तर त्याला जाऊ दे. नंबर घे, वायरलेसवर पुढच्या नाक्याला कळव. रात्री दोन वाजता एका ट्रॉली वाळूपायी मरायचं नाही. नव्या पोरांना हे पटत नाही, त्यांना वाटतं गाडी सुटली की नाक गेलं.

आता खरं सांगायचं ते. पोलिसातला ताण आणि पोलिसातला धोका या दोन गोष्टी नाहीत. दोन्हींचं मूळ झोपेत आहे.

आमच्या एका ठाण्याचं उदाहरण घे. हद्दीत साठ-पासष्ट गावं, हजेरीवर बेचाळीस माणसं. त्यातून कोर्ट ड्युटी, समन्स-वॉरंट, लॉकअप गार्ड, वायरलेस, चालक, मुद्देमाल, दवाखान्यात दाखल आरोपीवरचा गार्ड आणि कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांची ने-आण करणारी माणसं, वजा कर. रजेवरची, प्रशिक्षणाला गेलेली माणसं वजा कर. रस्त्यावर उरायची दहा-बारा. तेवढ्यात यात्रा, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, निवडणूक. साप्ताहिक सुट्टी कागदावर असायची, आणि आदल्या रात्री नऊला फोन यायचा, उद्या बंदोबस्त. नैमित्तिक रजा १२ वरून २० केल्या, चांगलं झालं. पण रजा शिल्लक असणं आणि रजा मिळणं यात फार अंतर आहे.

आठ तासांची ड्युटी होऊ शकते, हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात तो प्रयोग झाला. कल्पना एका शिपायाचीच होती आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे ती मुंबईतल्या इतर ठाण्यांतही नेली. महिला अंमलदारांसाठी २०२१ मध्ये राज्यभर आठ तासांचा आदेश निघाला. तीन पाळ्या लावायच्या तर माणसं लागतात, आणि तालुक्याच्या ठाण्यात गाडं तिथेच अडतं. तरीही हा मुद्दा सोडू नये असं माझं ठाम मत आहे, कारण झोप न झालेल्या माणसाच्या हातात आपण लाठी, बंदूक आणि दुसऱ्याची अब्रू देतो.

एका अनंत चतुर्दशीला मी सकाळी सहाला उभा राहिलो तो दुसऱ्या दिवशी दहाला सुटलो. अठ्ठावीस तास. बूट काढले तेव्हा मोज्याबरोबर कातडी निघाली. तासभर पडलो असेन नसेन, परत ठाण्यात, कारण ठाणे अंमलदाराची, म्हणजे टेबलावर बसून तक्रारी घेण्याची, पाळी माझी होती. एक पोरगा आला, सतरा-अठरा वर्षांचा. सायकल चोरीला गेली म्हणून सांगायला लागला. मी विचारलं, पावती आहे का? तो म्हणाला, जुनी घेतली होती. मी परत तेच विचारलं, त्यानं परत तेच सांगितलं, आणि मी उठून त्याच्या कानाखाली मारली. काही कारण नव्हतं. त्यानं टेबलावरचा आपला अर्ज उचलला, घडी घातली आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, मी पत्ता काढून त्याच्या घरी गेलो. बापापुढे हात जोडले. त्यांनी चहा केला, “साहेब, होतं असं” म्हणाले. पोरगा आतून बाहेर आला नाही. तक्रार मी त्याच दिवशी लिहून घेतली, सायकल काही मिळाली नाही. त्या पोराला पोलीस म्हणजे काय हे मी शिकवलं, याचं ओझं आजही माझ्यावर आहे.

माझ्याबरोबर भरती झालेला एक जण असाच रात्रपाळी करून मोटारसायकलवर गावी निघाला आणि उभ्या ट्रकवर गेला. ब्रेक मारल्याची खूण रस्त्यावर नव्हती. म्हणून सांगतो, लांबचा बंदोबस्त संपल्यावर लगेच गाडी चालवायची नाही. ठाण्याच्या विश्रांती खोलीत, देवळात, जागा मिळेल तिथे दोन तास पड.

दुसरा ताण मढ्यांचा. भरतीच्या पुस्तकात हे कुठे नसतं. विहीर, रेल्वे रूळ, गळफास, अपघात, प्रत्येक ए.डी.ला, म्हणजे अकस्मात मृत्यूला, शिपाई-हवालदार आधी पोचतो. पूर्वी कलम १७४ खाली पंचनामा व्हायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होतो. रुमालाला बाम लावून नाकाला बांधायचा, अंगावरची एकेक वस्तू लिहायची: डाव्या हातात हिरव्या बांगड्या चार, गळ्यात काळा दोरा. वास दोन दिवसांत जातो. एका मुलीला विहिरीतून काढलं तेव्हा तिचा बाप मला फक्त एवढंच विचारत राहिला, “तिच्या पायात चप्पल होती का हो?” चपला विहिरीच्या काठावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मला ते सांगावं लागलं. त्या रात्री घरी गेल्यावर मी माझ्या मुलीच्या चपला कुठे आहेत ते पाहिलं, आणि पुढे कितीतरी दिवस पाहत राहिलो.

हे कुणाजवळ तरी बोललं पाहिजे. आमच्या पिढीनं दारूजवळ बोललं, आणि माझ्या बॅचचे दोघे निवृत्तीचं वय न बघताच गेले. तू तसं करू नकोस. विश्वासाचा एक सहकारी धर, बायकोला सगळं नाही तरी थोडं सांग. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे बोलण्यात कमीपणा नाही. बीपी, साखर चाळिशीच्या आत तपासायला सुरुवात कर. पायाच्या शिरा फुगतात, त्यासाठी पायाला दाब देणारे घट्ट मोजे मिळतात, पहिल्या पगारात घे.

बहिणीला वेगळं सांगतो. बंदोबस्तात शौचालय नसतं, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं आजारी पडतात. तिनं पाणी पिणं बंद करायचं नाही. नेमणूक वाचली की आधी प्रभारी अधिकाऱ्याला विचारायचं, जवळ सोय कुठे आहे. एकटीनं नाही, चौघींनी मिळून विचारायचं, म्हणजे सोय होते. मोबाइल टॉयलेट व्हॅन बऱ्याच मोठ्या बंदोबस्तांना येते, ती अशाच मुलींनी मागितल्यामुळे.

मग नोकरी करावी का? करावी. रात्री तीन वाजता रडणारी बाई ठाण्याची पायरी चढते तेव्हा तिथे बसलेला माणूस चांगला असण्यानं तिचं सगळं बदलतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी अनेकदा पाहिलं आहे. गोळाफेकीचे पंधरा गुण सोडू नकोस, त्यासाठी मनगट आणि मांडीचा व्यायाम वाढव.

आईला धोका नाही असं खोटं सांगू नकोस, तिला ते कळतंच. तिला एवढंच सांग की यायला उशीर असेल तर मी फोन करीन, आणि तो खरंच कर. मी नवा लागलो तेव्हा घरी फोन नव्हता. आईला मी सांगून ठेवलं होतं, नऊनंतर माझी वाट बघायची नाही, जेवून झोपायचं. मी कधीही आलो, दोनला, चारला, तरी दार वाजवावं लागलं नाही. चुलीजवळ भाकरी झाकलेली असायची आणि ती भिंतीला टेकून जागी असायची.